हिशेबाला भाषा द्या, किल्ल्या नकोत

पुण्याच्या सॉफ्टवेअर उद्योगातली दोन ठळक नावं हिशेबाच्या टेबलापाशी जन्मली. 'केपीआयटी' या नावातली पहिली दोन अक्षरं कीर्तने आणि पंडित या पुण्यातल्या सनदी लेखापालांच्या पेढीची. संगणकाच्या कामासाठी १९९० मध्ये त्या पेढीतून वेगळी कंपनी निघाली. आज ती मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिते. दुसरं नाव 'क्विक हील'. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्या दुरुस्तीच्या धंद्यात पुढे संगणक आले, संगणकांमागून व्हायरस आले, आणि धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटिव्हायरसवर नव्वदच्या दशकात कंपनी उभी राहिली. एका घराण्याने हिशेबनिसाला यंत्र दिलं, दुसऱ्याने त्या यंत्रात शिरणाऱ्या परक्या कोडवर पहारा ठेवला.

स्प्रेडशीटच्या आत जावास्क्रिप्टचं इंजिन बसवावं का, आणि बसवायचं तर कसं, हा प्रश्न या दोन्ही घराण्यांचा आहे. हिशेब करणाऱ्याला फॉर्म्युल्यापलीकडची भाषा हवी असते. पण भाषा म्हणजे कोड, आणि फाइलबरोबर प्रवास करणारं कोड म्हणजे धोका. माझं म्हणणं असं, की इंजिन जरूर बसवावं, मात्र सेलमधल्या कोडला मोजण्याची मुभा असावी, काही करून टाकण्याची नसावी. इंजिन कोणतं निवडायचं आणि ते किती वेगवान आहे यावर चर्चा रंगतात. खरा निर्णय त्याच्या हातात काय द्यायचं नाही, हा आहे.

ही चर्चा हिंजवडीतल्या इंजिनिअरांपुरती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी फेब्रुवारी महिन्यात एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचं व्हॉट्सअ‍ॅप पाहावं. आयकराची एक्सेल शीट गटागटांतून फिरत असते. नाव भरा, मूळ वेतन भरा, गुंतवणूक भरा, की छापायला तक्ता तयार. परीक्षा आल्या की निकालपत्रकाची शीट येते. शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा आणि डाळीचा हिशेब ठेवणारी वेगळी असते. 'तंत्रस्नेही शिक्षक' ही महाराष्ट्रात ओळख बनली, त्यामागे अशा शीट तयार करून फुकट वाटणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. सोसायटीचा मेंटेनन्स, भिशी, पतसंस्थेचं व्याज, गणेश मंडळाची वर्गणी, सगळं याच चौकटीत मावतं. महाराष्ट्रातलं बरंचसं सॉफ्टवेअर स्वतःला प्रोग्रामर न म्हणवणाऱ्या माणसांनी लिहिलेलं आहे.

हे काम किती गुंतागुंतीचं असतं, याचा नमुना म्हणून सातवा वेतन आयोग घ्या. राज्य सरकारचे सुधारित वेतन नियम जानेवारी २०१९ मध्ये अधिसूचित झाले, लागू मात्र १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे तीन वर्षांचा फरक काढायचा. आधीच्या वेतनाला २.५७ ने गुणायचं, उत्तर पूर्ण रुपयात आणायचं, वेतन मॅट्रिक्समध्ये आपल्या स्तराखाली तेवढा किंवा त्याच्या लगेच वरचा आकडा शोधायचा. मग दरवर्षीची वेतनवाढ, त्या-त्या काळातला महागाई भत्ता, घरभाडं, आणि शेवटी आधी हातात पडलेलं वजा. एका माणसासाठी हे वहीवर करता येतं. एका तालुक्यासाठी करायचं तर एकात एक गुंफलेले, चार ओळी लांब फॉर्म्युले तयार होतात. ते लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने वाचता येत नाहीत. ज्याला थोडं प्रोग्रामिंग येतं तो तिथे मॅक्रोकडे वळतो, आणि तिथून अडचणी सुरू होतात.

एक्सेलचे मॅक्रो व्हीबीए या भाषेत लिहिले जातात. ती १९९३ मध्ये एक्सेलमध्ये आली, आणि तीन दशकं कार्यालयांनी तिच्यावर काढली. पण मोबाइलवरचं किंवा ब्राउझरमधलं एक्सेल व्हीबीए चालवत नाही. ज्या शिक्षकाकडे लॅपटॉप नाही, फोन आहे, त्याच्यापुरती ती शीट मुकी. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बहुतेक वाटल्या जाणाऱ्या शीटमधलं कोड पासवर्डने बंद केलेलं असतं. कुणी आपलं नाव पुसू नये म्हणून, कुणी आकडे बिघडवू नयेत म्हणून. हेतू रास्त असेल, पण परिणाम असा की हजारो माणसं ज्या हिशेबावर सही करतात तो हिशेब त्यांना पाहता येत नाही. तिसरी अडचण सुरक्षेची. शीट उघडताच वर पिवळी पट्टी येते, 'मॅक्रो चालू करा' अशी सूचना शीट बनवणाऱ्यानेच पहिल्या पानावर लिहिलेली असते, आणि आपण मुकाट्याने बटण दाबतो.

त्या बटणामागचा इतिहास बरा नाही. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' हा वर्डचा मॅक्रो व्हायरस पसरला, १९९६ मध्ये एक्सेलसाठी 'लारू' आला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' वर्डच्या फाइलमधून शिरून आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवू लागला. पुढच्या काळात खंडणीखोर टोळ्यांनाही कार्यालयाच्या दारातून आत शिरायला हीच फट सोयीची वाटली. शेवटी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. इतकी वर्षं का लागली? मॅक्रो बंद केले की व्हायरसबरोबर लाखो प्रामाणिक हिशेबही बंद पडतात, म्हणून. चांगलं आणि वाईट कोड एकाच दारातून, एकाच परवान्यावर आत येत होतं. बेरीज करायची असो वा फाइल पुसायची, व्हीबीएला दोन्हींसाठी लागणारी मुभा एकच. चूक भाषेच्या व्याकरणात नव्हती. सगळ्या घराच्या किल्ल्या एकाच जुडग्यात बांधून पाहुण्याच्या हाती दिल्या, ही चूक होती.

जावास्क्रिप्ट या बाबतीत वेगळी निघते, आणि तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. घाईच्या खुणा आजही तिच्या अंगावर दिसतात. पण ती पहिल्यापासून दुसऱ्याच्या घरात राहण्यासाठी घडली. १९९७ पासून तिचं जे अधिकृत मानक आहे, त्यात बाहेरून माहिती आत घ्यायची किंवा उत्तर बाहेर दाखवायची काहीही सोय नाही. फाइल उघडणं, इंटरनेटवर जाणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, यातलं काहीही मूळ भाषेत नाही. ब्राउझरमध्ये ती हे करते कारण ब्राउझर तिला ते देतो. कोरं इंजिन एखाद्या अ‍ॅपमध्ये बसवलं तर ते गुणाकार करील, अक्षरं उलटसुलट करील, याद्या लावील, आणि थांबेल. त्याला जगाचा पत्ता नसतो. तो यजमानाने द्यावा लागतो.

म्हणून स्प्रेडशीटमध्ये हे इंजिन बसवणाऱ्याच्या हाती व्हीबीएच्या काळात कुणाला नव्हती अशी संधी आहे: शून्यापासून सुरुवात करून, विचार करून, एकेक गोष्ट द्यायची. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ही संधी वाया गेली. ओपनऑफिसमध्ये आणि पुढे लिब्रेऑफिसमध्ये ऱ्हायनो या इंजिनावर जावास्क्रिप्टचे मॅक्रो चालतात, पण त्यांना सगळं ऑफिसच खुलं असतं. म्हणजे व्हीबीएचीच ताकद, फक्त भाषा निराळी. मे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलसाठी जावास्क्रिप्टमधली फंक्शन्स लिहिण्याची सोय जाहीर केली. त्या फंक्शनला इंटरनेट मिळत होतं. जाहीर होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच एका सुरक्षा संशोधकाने सेलमधून आभासी चलन खणणारं कोड चालवून दाखवलं. लोकांनी जावास्क्रिप्टला नावं ठेवली. पण चलन खणायला जावास्क्रिप्ट पुरत नाही, जाळ्यावर जाण्याची वाटही लागते, आणि ती वाट यजमानाने उघडली होती.

गूगल शीट्सने अधिक शहाणपणा दाखवला. २००९ पासून तिथे जावास्क्रिप्टवर आधारलेली अ‍ॅप्स स्क्रिप्ट आहे; आधी ऱ्हायनोवर, २०२० पासून क्रोमच्या व्ही-८ या इंजिनावर. सेलमधून बोलावलेल्या फंक्शनला तिथे नियम आहेत. ते दुसऱ्या सेलमध्ये काही लिहू शकत नाही. तीस सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते बंद पाडलं जातं. दर वेळी बदलणारी किंमत, उदाहरणार्थ आत्ताची वेळ, त्याला थेट पुरवता येत नाही. मात्र इंटरनेटवरून माहिती आणायला मुभा आहे, आणि जे माहिती आणू शकतं ते पत्त्यातच गुंडाळून माहिती पाठवूही शकतं. कुंपण चांगलं आहे, एक फाटक उघडं राहिलं आहे.

कोडला बांधून ठेवण्याचा हा हट्ट केवळ चोरांच्या भीतीने धरलेला नाही. स्प्रेडशीट मुळात जे वचन देते, ते पाळायचं तर हे बंधन लागतंच. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क आणलं, तेव्हा हिशेबाच्या वहीला एक नवा गुण मिळाला: एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतील. हे घडतं कारण कोणता सेल कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा शीटजवळ असतो. फॉर्म्युल्यात ज्या सेलचं नाव लिहिलं आहे, तेवढ्यावरच तो अवलंबून, हा त्या नकाशाचा पाया. आता समजा, जावास्क्रिप्टच्या फंक्शनला दुसऱ्या शीटमध्ये डोकावून महागाई भत्त्याचा दर वाचायची मुभा दिली. फॉर्म्युल्यात तो उल्लेख नाही, म्हणून नकाशातही नाही. उद्या दर बदलला तरी वेतनाचा आकडा जुनाच राहील, आणि तो जुना आहे हे कुठेही दिसणार नाही. शीट बंद पडली असती तर बरं, असं वाटावं इतकी ही वाईट अवस्था. आकडा चुकीचा आहे आणि चेहरा मात्र बरोबरचा!

म्हणून फंक्शनला जे हवं ते सगळं त्याच्या कंसातून आत यावं. दर हवा तर दराचा सेल कंसात लिहा. फंक्शनने मागच्या वेळचं काही लक्षातही ठेवू नये, कारण शीट कोणता सेल आधी मोजेल याची हमी देत नाही. मोजण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलेल. भाषेतच असलेल्या दोन गोष्टींवरही लक्ष हवं, आत्ताची वेळ आणि यादृच्छिक संख्या. कोऱ्या इंजिनातही त्या येतात, आणि त्यांच्यामुळे तेच आकडे देऊन निराळं उत्तर येऊ शकतं. सेलपुरत्या त्या काढून टाकाव्यात.

यापुढचं काम कंटाळवाणं, पण इंजिनिअरची खरी कसोटी तिथेच लागते. शीट आणि जावास्क्रिप्ट या दोन मुलखांची मापं जुळत नाहीत. इंग्रजी अंकातला पाच मजकूर म्हणून ठेवला आणि त्यात तीन मिळवले, तर एक्सेल आठ सांगतं, जावास्क्रिप्ट त्रेपन्न. रिकामा सेल म्हणजे शून्य, कोरा मजकूर की 'काहीच नाही', हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण पडतात ते इथेच. एक, नऊ, दहा हे आकडे जावास्क्रिप्टला नुसते क्रमाने लावायला सांगितले तर ती एक, दहा, नऊ असे लावते, कारण ती त्यांना अक्षरांसारखं पाहते. हजेरीपटाची वाट लावायला तेवढं पुरे.

तारखांचं तर विचारू नका. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं, आणि लोटस या जुन्या स्प्रेडशीटशी जुळवून घेण्यासाठी मुळात नसलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीखही धरतं. जावास्क्रिप्ट १ जानेवारी १९७० पासून ग्रीनिचच्या वेळेने मिलिसेकंद मोजते, आणि महिने शून्यापासून. पुण्यातली मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. ज्याने हा बदल नीट सांभाळला नाही त्याच्या शीटमध्ये अख्ख्या वर्गाच्या जन्मतारखा एक दिवस मागे सरकतात. उलट दिशेचा घोळ आपल्याकडे प्रत्येकाने पाहिला आहे: सेलमध्ये सातबारा म्हणून ७/१२ असं इंग्रजी अंकांत टाइप करावं, आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकावी. गट क्रमांकांचंही तेच होतं. शीट अंदाज बांधते, जावास्क्रिप्टही अंदाज बांधते. दोघींचे अंदाज एकमेकांवर रचले तर काय होईल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. म्हणून सीमेवर अंदाजाला थारा नसावा. मजकूर मजकूर म्हणून जावा, आकडा आकडा म्हणून, तारीख तारीख म्हणून, आणि शंका आली तर सेलमध्ये ठसठशीत चूक दिसावी.

मराठी माणसासाठी या सीमेवर आणखी एक गोष्ट आहे. आजची जावास्क्रिप्ट मराठी पद्धतीने आकडा छापू शकते: लाख-कोटींचे स्वल्पविराम, देवनागरी अंक, सगळं. पण देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या तिला दिली तर ती 'ही संख्याच नाही' म्हणते. छापता येतं, वाचता येत नाही. ही दुरुस्ती यजमानाने सीमेवर सहज करावी अशी आहे, ती आठवणीने करणारा माणूस मात्र त्या खोलीत असायला हवा. दुसरीकडे भाषेने मोठं मन दाखवलं आहे: जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं. 'वेतननिश्चिती' नावाचं फंक्शन लिहून, कंसात मूळ वेतन आणि स्तर देऊन, ते सेलमध्ये वापरता आलं तर शीट वाचणारा मुख्याध्यापक निदान प्रश्न विचारू शकेल. यजमान अ‍ॅपने नावांवर इंग्रजीची सक्ती करून हे दार बंद करू नये.

वेळेचा प्रश्नही यजमानाचाच. एखादं कोड कधी थांबेल का, हे आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वात नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे चुकून न थांबणारा फेरा लिहिला गेला, तर तो बाहेरूनच थांबवावा लागतो. त्यासाठी इंजिनात मध्येच हटकण्याची सोय हवी, आणि स्मृती किती वापरायची याला मर्यादा हवी. क्रोमबरोबर २००८ मध्ये आलेलं व्ही-८ विलक्षण वेगवान आहे, कारण ते चालता चालता कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करतं. पण त्या वेगासाठी लागणारी यंत्रणा प्रचंड आहे, आणि ब्राउझरमधल्या अनेक गंभीर फटी नेमक्या तिथेच सापडल्या आहेत. फाब्रिस बेलार आणि चार्ली गॉर्डन यांचं २०१९ मधलं क्विकजेएस त्यापुढे हळू आहे, पण आटोपशीर आहे, आणि दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये बसण्यासाठीच घडवलेलं आहे. मी क्विकजेएसच्या बाजूने आहे. शीटमध्ये बराचसा वेळ सीमेवर जातो, सेलमधल्या किमती इकडून तिकडे नेण्यात. दहा हजार सेलनी दहा हजार वेळा सीमा ओलांडण्यापेक्षा अख्खा रकाना एकदाच आत पाठवला, तर साधं इंजिनही पुरतं. डिझायनरांच्या फिग्मा या अ‍ॅपने बाहेरच्यांचं कोड चालवण्यासाठी २०१९ मध्येच इंजिनाची हीच निवड केली: आधीच्या कुंपणात फट सापडल्यावर त्यांनी क्विकजेएस वेबअसेंब्लीच्या बंदिस्त पेटीत घालून बसवलं.

आता विरोधी बाजू. पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, एक्सेलमध्ये २०२० पासून लॅम्डा आहे. फॉर्म्युल्यातूनच नवं फंक्शन तयार करता येतं, आणि ते स्वभावतःच निर्मळ, म्हणजे फक्त मोजणारं, असतं. हा आक्षेप मला सगळ्यात आदरणीय वाटतो, आणि साध्या हिशेबांसाठी मी तो मान्य करतो. पण पुण्यातलंच एक काम घ्या. सीडॅकचं आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांनी मराठी संगणकावर आणली. त्या काळातल्या जुन्या फाँटमध्ये साठवलेल्या याद्या आजही कार्यालयांत पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर शेकडो चिन्हांची अदलाबदल करावी लागते. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की ती आणखी पुढे न्यावी लागते. हे लॅम्डामध्ये लिहिणं म्हणजे शिक्षा आहे. जावास्क्रिप्टमध्ये ते एका पानाचं, वाचता येण्याजोगं काम आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. जावास्क्रिप्टला दशांश नीट जमत नाहीत: एक दशांश अधिक दोन दशांश म्हटलं की शेपटाला चार लागलेला लांबलचक आकडा येतो. खरं आहे. पण एक्सेलही आकडे त्याच द्विमान पद्धतीने साठवतं, ते फक्त पंधरा अंकांपुढचं दाखवत नाही. पैशांत मोजा, रुपयांत नको, हा जुना उपाय इथेही चालतो. जावास्क्रिप्ट नऊ हजार लाख कोटींपर्यंतचे पूर्णांक अचूक धरते. पुणे महापालिकेचं बारा हजार कोटींच्या पुढे गेलेलं २०२५-२६ चं अंदाजपत्रक पैशांत लिहिलं तरी खूप जागा उरते.

तिसरा आक्षेप: पायथन का नको? ऑगस्ट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये पायथन आणलं आणि ते स्वतःच्या दूरच्या संगणकांवर, बंदिस्त कप्प्यात चालवलं. सुरक्षेच्या दृष्टीने विचार चोख आहे. पण त्यासाठी आकडे आपल्या यंत्राबाहेर जातात. मुळशी किंवा वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळेला नेहमी इंटरनेट मिळेलच असं नाही. त्यातून शीटमध्ये मुलांची नावं, जन्मतारखा, जात, बँक खाती असतात, आणि डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. कुंपण आपल्या यंत्रातच घालता येत असेल तर हिशेब परगावी पाठवण्याचं कारण नाही.

चौथा आक्षेप नवा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की ती कोड लिहून देते, मग भाषा कोणती आणि इंजिन कुठलं याला महत्त्व काय? माझ्या मते महत्त्व वाढलं. कालपर्यंत शीटमधलं कोड निदान एका माणसाने, लिहिणाऱ्याने, वाचलेलं असे. उद्याचं कोड कदाचित कुणीच वाचलेलं नसेल. लिहिणाऱ्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवायचा काळ मेलिसाबरोबरच संपला होता. आता लिहिणाऱ्याच्या समजुतीवरही ठेवता येणार नाही. भरवसा कुंपणावरच ठेवावा लागेल.

तरीही कुंपण पुरेसं नाही. निर्मळ फंक्शनही चुकू शकतं, म्हणून ते दिसलं पाहिजे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावर निबंध लिहिला, आणि काटकसरीच्या धोरणांसाठी जगभर त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मिळवली. सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. निबंधावरचे इतर आक्षेप याहून मोठे होते, पण ही चूक कुणालाही बोट ठेवून दाखवता आली, कारण सेलवर क्लिक केलं की फॉर्म्युला दिसत होता. तीच सरासरी पासवर्डबंद मॅक्रोत असती तर बोट ठेवायला जागाच नव्हती.

तेव्हा अशी अ‍ॅप्स बनवणाऱ्यांकडे मागणी चार गोष्टींची. सेलमधल्या फंक्शनला कंसातून येईल तेवढंच मिळावं. जाळं, फाइल, घड्याळ काहीही नको. ईमेल पाठवणं, दुसऱ्या शीटमध्ये लिहिणं, छपाई, अशी कृती करणारं कोड वेगळ्या जागी असावं, माणसाने बटण दाबल्यावरच चालावं, आणि प्रत्येक ताकदीची परवानगी वेगळी मागावी. सेलमधल्या फंक्शनला कुलूप लावण्याची सोयच नसावी; श्रेय हवं तर नाव लिहा, कोड लपवू नका. आणि वेळ किंवा स्मृतीची मर्यादा ओलांडली तर जुना आकडा तसाच न ठेवता सेलमध्ये चूक दाखवावी. यातलं काहीही नव्याने शोधायचं नाही, सगळी तंत्रं उपलब्ध आहेत. यामुळे दोन-चार आकर्षक करामती बंद होतील, ही किंमत मला मान्य आहे.

एक मागणी आपल्याकडेही आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या एमकेसीएलने एमएस-सीआयटीच्या रूपाने महाराष्ट्रातल्या गावोगावी एक्सेल पोचवलं. अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी ते किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं. तिथे बेरीज, सरासरी, आलेख शिकवले जातात. आता दुसऱ्याने लिहिलेलं लहानसं फंक्शन वाचायला शिकवायला हवं. लिहायला आलं नाही तरी चालेल. वेतनाच्या तक्त्याखाली सही शिक्षकाची, निकालपत्रकाखाली मुख्याध्यापकाची, ताळेबंदाखाली सोसायटीच्या सचिवाची असते; त्यातलं कोड लिहिणाऱ्याची सही कुठेच नसते. ज्याची सही त्याला 'हा आकडा आला कुठून' हे विचारायचा आणि उत्तर डोळ्यांनी पाहायचा हक्क असला पाहिजे. जे इंजिन तो हक्क राखतं ते बसवावं, आणि जे राखत नाही ते कितीही वेगवान असलं तरी हिशेबाच्या टेबलावर घेऊ नये.